थंडीचे पांघरूण

पौष महिन्यातील एखाद्या रात्री लोंढ्याकडून हुबळीकडे जाणारी गाडी अळणावर स्थानकात थांबते. उतरणारा उतारू प्रथम कानांभोवतीची मफलर घट्ट करतो, सामान मोजतो आणि लगबगीने गावाची वाट धरतो. घरी अंथरूण घातलेले असते, चुलीवर नाही तर शेगडीवर पाणी तापत असते, त्यामुळे फलाटाच्या टोकाला भिंतीच्या कडेने काय निजलेले आहे याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. तेथे एखादे पोते असते, प्लॅस्टिकचा कागद असतो, आणि त्याखाली गुडघे पोटाशी घेतलेला माणूस असतो. गाडी निघून जाते आणि तो कूस बदलतो. ज्या श्रोत्यांनी जंक्शनच्या गावी रात्र काढली आहे त्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. इतके परिचयाचे, की ते आता दिसेनासे झाले आहे.

अळणावर हे गाव मुळी रेल्वेनेच वाढविलेले. हुबळी-लोंढा हा मुख्य मार्ग, आणि येथून जंगलात शिरून दांडेली-अंबेवाडीकडे गेलेला फाटा. सह्याद्रीच्या रानांतील साग आणि शिसव बाहेर काढण्यासाठी हा फाटा टाकण्यात आला होता. एकीकडे धारवाडची काळी जमीन, दुसरीकडे हल्याळ-खानापूरचा मलनाड. कानडी, मराठी, कोकणी आणि उर्दू या चारही भाषा बाजारात ऐकू याव्यात असे हे ठिकाण. जेथे मार्ग मिळतात तेथे माणसेही येऊन थांबतात. त्यांतील काहींना पुढे जावयाचे असते, काहींना परत फिरावयाचे असते, आणि थोडी अशी असतात की ज्यांना कोठेच जावयाचे नसते. ऊसतोडीच्या टोळीतून मागे राहिलेला म्हातारा, बांधकाम संपल्यावर मजुरी बुडालेला गवंड्याचा बिगारी, घरच्यांनी नकोसा केलेला किंवा स्वतःच घर विसरलेला भ्रमिष्ट मनुष्य, मुलाला कडेवर घेऊन निघालेली एखादी टाकलेली बाई. कोणत्याही जंक्शनवर अशी माणसे असावयाचीच, आणि अळणावरही त्याला अपवाद नाही.

या लोहमार्गाच्या जन्मकथेत एक विलक्षण योगायोग आहे. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने धारवाड, बेळगाव आणि त्या वेळचा कलादगी हे जिल्हे उद्ध्वस्त झाले. पुन्हा तसे संकट आले तर धान्य वेळेवर पोहोचावे, या हेतूने या भागात रेल्वे बांधण्याचे ठरले आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. म्हणजे ज्या रुळांच्या कडेला आज बेघर माणूस निजतो, ते रूळ उपाशी आणि बेघर झालेल्यांसाठीच म्हणून टाकले गेले होते. त्याच दुष्काळात लंडनच्या लॉर्ड मेयरने उघडलेल्या निधीतून दक्षिण हिंदुस्थानात जो पैसा आला, त्याचा एक भाग धान्याखेरीज वस्त्रांवर, बी-बियाण्यांवर आणि घरांच्या छपरांवर खर्च झाला. दुष्काळात माणसाने अगोदर भांडी विकलेली असतात, मग गुरे, आणि शेवटी अंगावरचे. त्यामुळे पाऊस पडून पिके उभी राहिली तरी त्याला उघड्या अंगाने शेतात जाणे भाग पडते, ही गोष्ट तेव्हाच्या व्यवस्थापकांच्या ध्यानी आली होती. अन्नाइतकेच वस्त्रही मदतीत मोजले पाहिजे, हा विचार तेव्हापासूनचा तरी आहेच.

दक्षिणेत कसली आली थंडी, असे पुष्कळ जण म्हणतात. दिल्ली-लखनौच्या कडाक्याशी तुलना केली तर ते खरे आहे. धारवाडच्या परिसरात जानेवारीतील रात्रीचे तापमान सरासरीने चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असते; क्वचित दहाच्या जवळ उतरते. घरात राहणाऱ्याला ही हवा सुखद वाटते, किंबहुना हुरड्याची आणि गरम भाकरीची आठवण करून देते. परंतु थंडी ही केवळ हवेच्या अंशांवर ठरत नाही. माणसाच्या शरीराची आतील उष्णता सदतीस अंशांच्या आसपास असावी लागते आणि ती पस्तीसच्या खाली गेली की जीव धोक्यात येतो. त्यासाठी पाणी गोठण्याइतकी थंडी पडावी लागत नाही. पोट रिकामे असेल, वय झालेले असेल, अंगावरचे कापड दवाने ओले असेल आणि पाठीखाली फरशी असेल, तर दहा-बारा अंशांची एक लांब रात्रदेखील पुरते. ओल्या अंगातून उष्णता किती झपाट्याने जाते हे समजण्यास एकच गोष्ट पुरे आहे : पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून मलनाडच्या कडेला राहणाऱ्या बेघराचा हिवाळा मार्गशीर्षात सुरू होत नाही. तो मृगाच्या पावसातच सुरू होतो आणि भिजलेले कपडे वाळविण्यास चार भिंती नसल्यामुळे चार महिने चालू राहतो. दिवाळीनंतरचे धुके ही त्याच्या दृष्टीने केवळ पुढची पायरी असते.

दारूने ऊब येते ही समजूतही अशीच घातक आहे. दारू प्यायल्यावर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला गरम वाटते, आणि त्याच वेळी आतील उष्णता बाहेर निघून जात असते. पहाटे फलाटावर निपचित सापडलेल्या मनुष्याविषयी ‘पिऊन पडला होता’ असे सांगून विषय संपविला जातो; थंडीचे नाव त्यात कोणी घेत नाही. तरीही देशातील अपघाती मृत्यूंच्या सरकारी नोंदींत थंडीने दगावलेल्यांचा वेगळा रकाना आहे आणि तो दरवर्षी कित्येक शेकड्यांनी भरतो.

या माणसांची मोजणीही होते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री पदपथ, फलाट, पुलाखालच्या जागा, देवळांचे मंडप आणि मोठे सिमेंटचे नळ यांत निजलेल्या लोकांची गणती करण्यात आली. ती देशभरात १७ लाख ७३ हजारांच्या घरात गेली. एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक. एका रात्रीत, कंदील-विजेऱ्या घेऊन केलेली ही गणती आहे. जो फिरता आहे, जो शिपाई दिसताच उठून जातो, तो अशा गणतीत किती सापडला असेल हे ज्याचे त्याने समजावे.

या प्रश्नाला कुटुंबाच्या कपाटाचा दरवाजा जोडलेला आहे. मराठी घरात थंडीच्या दानाची परंपरा जुनी आहे. पौषात आणि माघात कांबळे, तीळ, सरपण यांचे दान द्यावे, संक्रांतीला सवाष्णीला वाण द्यावे, वडिलांच्या श्राद्धाला एखाद्या गरिबाला धोतरजोडी द्यावी, असे वडीलधारे सांगत आले. दानाचा कर्ता एकटा यजमान नसे. घरातील सासूने गाठोडे बांधावे, सुनेने ते उन्हात घालावे, मुलांनी नेऊन द्यावे, अशी त्यात सर्वांची वाटणी होती. परंतु याच घरात दुसरीही एक चाल होती, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुने कपडे प्रथम बोहारणीसाठी राखले जात. दोन पातळे आणि एक कोट देऊन स्टीलचे पातेले येत असेल, तर त्या कपड्यांना बाजारभाव होता. बोहारणीने नाकारलेले, जरीचा काठ नसलेले, विरलेले, बटणे तुटलेले जे उरे ते गरिबाच्या वाट्याला जाई. म्हणजे दानाचा दर्जा बोहारणीच्या नजरेने ठरत असे. आज बोहारीण दुर्मिळ झाली, कपाटे मात्र पूर्वीपेक्षा भरली. आणि उरलेले ते दान हा हिशेब पुष्कळ घरांत तसाच राहिला.

हा हिशेब उलटा मांडणारा मनुष्य महाराष्ट्रात होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे परिटाच्या घरातले. लोकांचे मळलेले कपडे धुऊन स्वच्छ करून परत देणे हा ज्या जातीचा व्यवसाय, तिच्यात जन्मलेल्या या पुरुषाने पुढे आयुष्यभर अंगावर चिंध्यांचे ठिगळ जोडलेले वस्त्र घातले. डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर असे. त्यातच ते जेवत आणि त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले; अंगावरच्या वस्त्रावरून कोणी गोधडेबाबाही म्हणत. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. गावात शिरले की अगोदर हातात खराटा घ्यावयाचा, रस्ता झाडावयाचा, कोणाची लाकडे फोडून द्यावयाची आणि त्यानंतर भाकरी घ्यावयाची, असा त्यांचा नेम. कष्टावाचून घेतलेले अन्न त्यांना नको असे.

गाडगेबाबांच्या दानाच्या कल्पनेत देवळाच्या कळसाला स्थान नव्हते. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दहा कलमांच्या संदेशात भुकेल्याच्या अन्नानंतर आणि तहानेल्याच्या पाण्यानंतर जे येते ते उघड्यानागड्याचे वस्त्र, आणि पुढे बेघराचा आसरा. या दोन कलमांचा संबंध त्यांनी नेमका ओळखला होता. पांघरूण देऊन माणूस रात्र काढतो, पण दुसऱ्या रात्री ते पांघरूण घेऊन तो कोठे जाणार? म्हणून त्यांनी लोकांकडून पैसा उभा केला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, कारण जे यात्रेकरू इतर कोणाच्या छपराखाली चालत नसत त्यांना चंद्रभागेच्या काठी उघड्यावर कुडकुडत निजावे लागे. पुढे ती वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी उभारलेली धर्मशाळा खेड्यांतून रोग्याबरोबर आलेल्या नातेवाइकांसाठी होती. रुग्णालय रोग्याला खाट देते. त्याच्या बायकोने रात्री कोठे निजावे हा विचार त्या काळी करणारे थोडे होते. आजही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे आप्त उतरतात.

आणि येथे कुटुंबाचा प्रश्न आडवा येतोच. हजारोंसाठी निवारे बांधणाऱ्या या पुरुषाने त्या निवाऱ्यांवर आपल्या बायको-मुलांचा काडीचाही हक्क ठेवला नाही. त्यांची पत्नी कुंताबाई आणि मुली यांनी या दानाची जी किंमत मोजली तिचा हिशेब कीर्तनात येत नाही. परोपकारी पुरुषांच्या चरित्रांत घरातील माणसांचे पान बहुधा कोरेच असते, हे वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐन थंडीच्या दिवसांत, प्रवासातच अमरावतीजवळ त्यांचे देहावसान झाले.

कुटुंबाला बाहेर न ठेवता, कुटुंबाच्याच कपाटापासून सुरू झालेले दुसरे एक उदाहरण दिल्लीचे आहे आणि ते अगदी अलीकडचे. अंशु गुप्ता हे पत्रकारितेचे विद्यार्थी असताना जुन्या दिल्लीत त्यांना बेवारस प्रेते उचलून पोलिसांकडे पोहोचविणारा एक मनुष्य भेटला. एका प्रेतामागे त्याला वीस रुपये आणि दोन मीटर पांढरे कापड मिळे. हिवाळ्यात त्याचे काम इतके वाढे की ते एकट्याला उरकत नसे. कापड मिळत होते, परंतु मेल्यानंतर, ही त्यातील गोष्ट कोणत्याही विचारी माणसाला अस्वस्थ करील अशी आहे. त्या मनुष्याची पाच-सहा वर्षांची मुलगी होती. थंडी फार वाजली की आपण प्रेताला बिलगून निजतो, ते कूस बदलत नाही आणि त्रास देत नाही, असे तिने सहजपणे सांगितले. याच्याहून अधिक भाष्याची त्या प्रसंगाला गरज नाही.

पुढे १९९९ मध्ये अंशु गुप्ता आणि त्यांच्या पत्नी मीनाक्षी यांनी आपल्या घरातील कपाट उघडले आणि न वापरले जाणारे कपडे बाहेर काढले. ते ६७ निघाले. त्या ६७ कपड्यांतून ‘गूंज’ ही संस्था उभी राहिली, जी पुढे देशाच्या अनेक राज्यांत पोहोचली. २०१५ मध्ये अंशु गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भूकंप, पूर, वादळ आले की सारा देश मदतीला धावतो. पण थंडी ही दरवर्षी ठरलेल्या तिथीला येणारी आपत्ती असूनही तिला कोणी आपत्ती मानीत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे.

या संस्थेचा एक अनुभव प्रत्येक दात्या कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या. देशभरातून कपड्यांचे ट्रक भरून गेले. कोळ्यांच्या वस्त्यांत जे कापड कोणी अंगावर घालीत नाही असे कापड त्यांत होते. फाटके होते, मळके होते, आणि रस्त्याच्या कडेला त्या कपड्यांचे डोंगर पडले. दात्यांची कपाटे मोकळी झाली आणि आपत्तीग्रस्तांच्या दारात नवा कचरा आला. गूंजने ते कापड गोळा करून, निवडून, धुऊन त्याचा उपयोग केला. निरुपयोगी सुती कापडापासून स्त्रियांसाठी मासिक पाळीच्या घड्या तयार केल्या. खेड्यांत तर त्यांनी गाडगेबाबांच्या खराट्याची आठवण व्हावी अशी रीत पाडली. गावकऱ्यांनी विहीर खणावी, बांबूचा पूल बांधावा, रस्ता करावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. दान घेणाऱ्याचा हात खाली राहत नाही. अर्थात फलाटावर कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याकडून कोणी पूल बांधून घ्यावा असे नव्हे. प्रत्येक रीतीला तिची जागा असते.

मग अळणावरसारख्या गावातील एखाद्या घराने काय द्यावे? अनुभवी माणसे पहिली गोष्ट सांगतात ती अशी की, पांघरण्याच्या अगोदर अंथरण्याचे द्यावे. फरशी आणि जमीन खालून जेवढी उष्णता शोषून घेते तेवढी वरचे एक कांबळे परत देऊ शकत नाही. जाड गोणपाट, चटई, निदान पुठ्ठा पाठीखाली असेल तर हलके पांघरूणही काम देते. दुसरी गोष्ट कान आणि पाय. कानटोपी आणि मोजे यांना किंमत थोडी पडते, म्हणून ती दानात येत नाहीत. दिसावयास कांबळे मोठे दिसते. तिसरी गोष्ट अशी की जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांत साड्या आणि मुलांचे तोकडे कपडे भरपूर निघतात, पण धडधाकट पुरुषाला घालता येईल अशी विजार क्वचितच सापडते. पुरुष आपली विजार फाटेपर्यंत वापरतो हे त्याचे साधे कारण. स्त्रियांची आतली वस्त्रे तर कोणी देतच नाही आणि मागण्याची सोयही नसते. ती नवीच घेऊन द्यावी लागतात.

आता बाजारात ‘दानाचे कांबळे’ या नावाने जे स्वस्त मिळते ते बहुधा पानिपतचे असते. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे तेथे फाडून, पिंजून, पुन्हा कातून त्यांची कांबळी करतात. जगभरच्या मदत-संस्था ती वापरीत आल्या आहेत. ती टाकाऊ आहेत असे नाही. परंतु या भागाच्या दमट हवेला घोंगडीची सर त्यांना नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सणगर आणि कुरुब विणकरांचा माग आणि वर चिंचोक्याची खळ. या घोंगडीवर पावसाचा शिरवा पडला तर थेंब घरंगळून जातात. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पिऊनही ऊब सोडीत नाही. मेंढपाळ रात्रच्या रात्र उघड्या माळावर काढतो तो तिच्याच भरवशावर. एक घोंगडी दोन स्वस्त कांबळ्यांहून महाग पडते हे खरे. पण दहा जणांना एक रात्र पुरेल असे देण्यापेक्षा तिघांना तीन हिवाळे पुरेल असे द्यावे, असा विचार करणाऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि जिला काहीच विकत घ्यावयाचे नाही त्या गृहिणीसाठी वाकळ आहे, जिला या भागात कौदी म्हणतात. अळणावरहून हल्याळ दूर नाही. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, खानापूर या तालुक्यांच्या रानांत सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. पोर्तुगीजांच्या काळी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज कोकणी, मराठी आणि कानडी बोलतात. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या पायावर विटक्या कपड्यांचे रंगीबेरंगी तुकडे जोडून ‘कवंदी’ शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात करावयाची, काठाकाठाने धावदोरा घालीत आत आत मध्यापर्यंत यावयाचे आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी केलेल्या कापडाची ‘फुले’ लावावयाची. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. ही पांघरुणे आता परदेशांतील प्रदर्शनांत मांडली जातात. पण तिचा मूळ धर्म हा, की घरातील आजीचे लुगडे, बापाचा सदरा आणि पोराचे झबले एकत्र येऊन त्यांतून कोणा कुडकुडणाऱ्याची रात्र निभावते.

कसे द्यावे याची चर्चा काय द्यावे याहून नाजूक आहे. हल्ली हातात दूरध्वनी असतो आणि त्यात छायाचित्राची सोय असते. निजलेल्याला उठवून, त्याच्या हाती कांबळे देऊन, कुटुंबाने भोवती उभे राहून छायाचित्र घेतले जाते. त्या माणसाने कांबळ्यासाठी दिलेली ही किंमत आहे, आणि ती त्याला विचारून घेतलेली नसते. उलट काही घरे निजलेल्याच्या उशाशी पांघरूण ठेवून निघून जातात. याविषयीही मतभेद आहेत. जो जागा असेल त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, त्याला काय हवे ते विचारावे, हे अधिक माणुसकीचे. कारण कित्येकदा त्याला कांबळे नको असते, औषध हवे असते, अथवा घरी पत्र धाडावयाचे असते. भाषेची अडचण या गावात तरी पडू नये. चारांपैकी एक भाषा बहुधा लागू पडते.

‘आम्ही दिलेले कांबळे त्याने विकले’ ही दात्यांची नेहमीची तक्रार आहे. ती खोटी नाही. परंतु दिवस उजाडल्यावर ते कांबळे त्याने ठेवावे कोठे, याचे उत्तर तक्रार करणाऱ्याकडे नसते. बेघराला कपाट नाही, खुंटी नाही. पांघरूण काखेत घेऊन मजुरीला गेले तर मुकादम उभा करीत नाही. फलाटावर ठेवले तर झाडणारा उचलून नेतो. झाडाच्या बेचक्यात ठेवले तर पावसाने भिजते. शिवाय भुकेल्या दुपारी थंडी फार दूरची वाटते, आणि जेवणाएवढे पैसे तर त्या कांबळ्याचे येतातच. आपल्या मालकीचे झालेले कांबळे विकण्याचा अधिकार त्याला नाही असे म्हणणाऱ्याने, आपण दान दिले की उसने दिले, हे अगोदर ठरवावे.

याच ठिकाणी सरकारचे कर्तव्य पुढे येते. २०१० च्या जानेवारीत दिल्लीतील बेघरांच्या थंडीने होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि शहरांत दर एक लाख वस्तीमागे चोवीस तास उघडे असणारे एक निवारागृह असावे, असे प्रमाण ठरले. पुढे २०१३ पासून नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची स्वतंत्र योजना आली. पाणी, शौचालय, अंथरूण-पांघरूण, सामान ठेवण्याची पेटी या गोष्टी तिच्या मार्गदर्शक नियमांत होत्या. हे सर्व योग्यच झाले. पण एक लाखाला एक या प्रमाणात हुबळी-धारवाड बसते, बेळगाव बसते. अळणावर बसत नाही. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती वीस हजारांच्याही आत होती. लोंढा, खानापूर, हल्याळ यांची गोष्टही फारशी निराळी नाही. बेघर माणूस मात्र लोकसंख्येचे कोष्टक पाहून गाडीतून उतरत नाही. गाडी जेथे थांबते तेथे तो उतरतो, आणि गाड्या जंक्शनला थांबतात. मोठ्या शहरातील बेघराला निदान न्यायालयाचा एक निर्णय दाखविता येतो. लहान जंक्शनवरच्या बेघराच्या बाजूला गावातील दहा-वीस घरे असली तरच काही आहे. येथे कौटुंबिक दानाला पर्यायच नाही, म्हणून ते सुटे, सणापुरते आणि मनाच्या लहरीवर असून चालत नाही. नगरपंचायतीकडे जुन्या, मोकळ्या पडलेल्या एखाद्या खोलीची मागणी करणे, तिची किल्ली आलटून-पालटून चार घरांनी सांभाळणे, डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत रात्री ती उघडी राहील हे पाहणे, ही कामेही दानातच मोडतात. त्यांना खर्च कमी आणि चिकाटी अधिक लागते, म्हणून ती मागे पडतात.

२०१६ च्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक गावांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको असेल ते द्या आणि हवे असेल ते घेऊन जा, अशी ती रीत. आदल्या वर्षी इराणातील मशहद शहरी कोणी अशा भिंतीवर खुंट्या ठोकल्या आणि तेथून ती जगभर पसरली. कल्पना साधी आणि सुंदर होती. परंतु पुष्कळ ठिकाणी पहिला उत्साह ओसरल्यावर खुंट्या रिकाम्या राहिल्या किंवा भिंतीच्या पायथ्याशी न घालण्याजोग्या कपड्यांचा ढीग पडला. भिंतीला रोज सकाळी कोणीतरी भेट द्यावी लागते, कपडे निवडावे लागतात, धुवावे लागतात. जेथे एखाद्या घराने हे काम आपले मानले तेथेच असा उपक्रम टिकतो.

यावरून एक सोपी रीत सुचते, आणि ती कोणत्याही चार-पाच घरांना जमण्याजोगी आहे. पांघरूण देताना ज्याला द्यावयाचे त्याचे नाव विचारून ठेवावयाचे. फाल्गुनात ऊन तापू लागले, की त्याच्याकडून ते मागून घ्यावयाचे, तो देईल तर. नदीवर किंवा यंत्रात धुऊन, दोन दिवस कडक उन्हात घालून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून पेटीत ठेवावयाचे, आणि वर त्या नावाची चिठ्ठी टाचावयाची. मृगाच्या आधी त्यांतील घोंगड्या बाहेर काढावयाच्या, कौद्या दिवाळीनंतर. कार्तिकात ती पेटी उघडून फलाटावर गेले, तर ज्याच्या नावाची चिठ्ठी असेल तो कधी त्याच भिंतीपाशी सापडेल, कधी मधल्या काळात कोणत्यातरी गाडीने निघून गेलेला असेल. तेव्हा त्या जागी जो निजला असेल त्याला नाव विचारून जुनी चिठ्ठी काढावयाची आणि नवी टाचावयाची.